राक्षसाच्या डोळ्याचा नंबर

आमचे हे हातात चष्मा असला की बोलायचे, नसला की मुके. थट्टा नाही करत. पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा सगळा वेळ माझ्या वडिलांच्या नाकाकडे बघत बसले होते. आईला वाटलं, मुलात काहीतरी कमी आहे. शेवटी न राहवून म्हणाले, "काका, तुमच्या चष्म्याची डावी काडी सैल झालीय. देता का जरा?" खिशातून एवढासा स्क्रूड्रायव्हर निघाला आणि चष्मा हातात आल्याबरोबर गृहस्थाला वाचा फुटली. काडी घट्ट होईपर्यंत घरचं, दुकानचं, काय आवडतं, काय आवडत नाही, सगळं सांगून झालं. चष्मा परत दिला आणि तोंडाला पुन्हा कुलूप. ते गेल्यावर वडील मला म्हणाले, "मुलगा चांगला आहे गं. फक्त त्याला सारखं काहीतरी दुरुस्तीला देत राहावं लागेल."

मी जन्मभर देत राहिले.

दुकान म्हणजे तरी काय, एक बोळच. पुढे काउंटर, मागे भिंतभर फ्रेमा, आणि पडद्याआड काचा घासायचं यंत्र. ते सुरू झालं की माझे दात शिवशिवायचे. समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता, वरचं अक्षर थाळीएवढं आणि शेवटची ओळ मुंग्यांची. गिऱ्हाईकाला खुर्चीत बसवायचं, नाकावर ती जड तपासणीची फ्रेम चढवायची, एक काच घालायची, काढायची, दुसरी घालायची आणि विचारायचं, "हे स्पष्ट, की हे?" दिवसभर हाच मंत्र. एकदा झोपेत मला विचारलं होतं. मी म्हटलं, "दोन्ही अस्पष्ट. झोपा आता."

आणि एक खोड होती. दुरुस्त झालेला चष्मा काउंटरवर ठेवायचा नाही. शर्टाच्या वरच्या खिशात ठेवायचा, काचा छातीकडे करून. फार पूर्वी काउंटरवरच्या चष्म्यावर एका बाईंनी आपली भरलेली पिशवी ठेवली आणि चष्म्याचा भुगा झाला, तेव्हापासूनची ही शिस्त. गिऱ्हाईकाने हात पुढे केला की खिशातून काढून द्यायचा. शिस्त चांगली हो, पण गिऱ्हाईक गप्पांत हात पुढे करायला विसरलं तर? लोक ओरडतायत माझा चष्मा कुठाय म्हणून, हे ड्रॉवरवर ड्रॉवर उपसतायत, आणि चष्मा यांच्याच छातीवर. काखेत कळसा नि गावाला वळसा! कपडे भिजवण्याआधी मी खिसे चाचपायचे आणि कुणाकुणाची नजर माझ्या मोरीत सापडायची.

आम्हाला एकच मुलगी. हे तिला खारूताई म्हणायचे, कारण अगदी लहानपणापासून दोन्ही हात छातीशी धरून उभी राहायची, आत्ता पळेल की मग पळेल अशी. वाढली, उंच झाली, माझ्या डोक्यावरून गेली, पण हात काही खाली येईनात. शाळेच्या मोठ्या वर्गांत गेली आणि रोज सकाळी पोटात दुखायला लागलं. नाटक नव्हतं ते. घामाने कपाळ ओलं व्हायचं. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, पोटात काही नाही. परीक्षेची भीती म्हणावी तर पेपर छान लिहायची. भीती होती ती वर्गात नाव पुकारलं की उभं राहायची. कुणाचं दार वाजवायची. दुकानात जाऊन "अमुक द्या" म्हणायची. फोन वाजला तरी दचकायची पोर. असं करत करत एक दिवस शाळेत गेली नाही, मग आठवडाभर नाही, आणि मग घराबाहेरच पडेनाशी झाली.

मी काय करायचं ठेवलं? रागावले, गोंजारलं, लालूच दाखवली, अबोला धरला. माझी थोरली बहीण येऊन म्हणाली, "भित्यापाठी ब्रह्मराक्षस. लक्ष देऊ नका, आपोआप होईल सरळ." दुसरं कुणी असतं तर मीच त्याला सरळ केलं असतं, पण पडली बहीण. आणि मला तरी निराळं काय सुचत होतं? "अगं, त्यात घाबरायचं काय एवढं?" हे वाक्य आमच्या स्वयंपाकघरातल्या भांड्यांनाही पाठ झालं असेल.

हे मात्र ते वाक्य कधी बोलले नाहीत. तिच्याशेजारी नुसते बसायचे. मला त्याचाही राग यायचा. एकदा कडाडलेच, "अहो, बाप आहात ना तुम्ही? दोन शब्द बोला की तिच्याशी!"

"काय बोलू?" म्हणाले. "मलाही होतं तसं."

"काय होतं?"

"पोटात दुखतं. दुकान उघडताना."

"कधी?"

"रोजच."

अगं बाई! एवढा संसार झाला आणि मला पत्ता नाही. मी आपली म्हणत होते, हा माणूस सकाळचा चहा अर्धा का टाकतो, माझ्या हाताला चव नाही की काय. त्या दिवशी मला रडू आलं. त्यांना हसू आलं. "अगं, दुखतं म्हणून काय झालं," म्हणाले, "उघडतोच ना."

त्याच दिवसांत कधीतरी हे काम घरी आणायला लागले. संध्याकाळी जेवायच्या टेबलावर फडकं पसरायचे, त्यावर स्क्रू, नाकावर टेकायच्या गाद्या, मोडक्या काड्या. मी ओट्याशी आणि खार समोरच्या खुर्चीवर पाय वर घेऊन. आणि हातात चष्मा असल्यामुळे यांचं तोंड सुरू.

"एक गाव होतं," म्हणाले, "डोंगराच्या पायथ्याशी. आणि डोंगराच्या माथ्यावर राक्षस. त्याला एकच डोळा. उजेड वाटायचं काम त्याच्याकडे. तो ज्या गावाकडे बघेल त्या गावाला ऊन मिळायचं."

"आणि?" खारीने विचारलं. बऱ्याच दिवसांनी तिने काहीतरी विचारलं होतं. मी नळ बंद केला.

"आणि काय, म्हातारा झाला तो. डोळा अधू झाला. त्याला ते गावच दिसेना. गावात अंधार. शूर शूर लोक तलवारी घेऊन वर गेले आणि पळत खाली आले. तलवारीचा काय उपयोग? त्याला नंबर लागला होता."

खार फसकन हसली. मीही हसले. कितीतरी दिवसांनी त्या स्वयंपाकघरात हसू ऐकू आलं.

तर गावात एक काच घासणारा असतो. तो म्हातारा, चढ चढू शकत नाही. त्याची मुलगी जाणार. आणि मुलगी कशी? एक नंबरची घाबरट. राक्षस खाईल म्हणून नाही हो घाबरत ती. वाटेत पहारेकऱ्यांची दारं आहेत, प्रत्येक दार वाजवायचं आणि मोठ्याने स्वतःचं नाव सांगायचं, त्याला घाबरते! राक्षसासमोर उभं राहून "काका, हे स्पष्ट की हे?" असं विचारायला घाबरते. आवाज कापला तर? राक्षस हसला तर?

"बरोबर आहे," खार गंभीरपणे म्हणाली. "खाल्लं तर एकदाच खाईल. हसला तर कायमचं लक्षात राहतं."

मी तोंडात पदर कोंबला. हसू की रडू, कळेना.

असं ते रोज संध्याकाळी वाढत गेलं. हे सांगायचे, खार उतरवून घ्यायची, मी चुका काढायचे. कालच्या दाराला कडी होती, आज कुलूप कसं आलं? पोर तीन दिवस चढतेय, जेवली कुठे? "तुझ्या आईमुळे," हे म्हणायचे, "या कादंबरीत कुणी उपाशी राहत नाही." कादंबरी हा शब्द तिथे पहिल्यांदा आला.

मीच म्हटलं, "अहो, छापायला द्या की. हिच्या वयाच्या मुलांसाठी असलं कोण लिहितं?"

खारीचा चेहरा पांढरा पडला. ती काही बुद्दू नव्हती. पुस्तकातली पोर कोण, हे तिला पहिल्या संध्याकाळपासून ठाऊक होतं. उठून गेली. मला वाटलं, संपलं. पण काही दिवसांनी स्वतःहून टेबलाशी येऊन बसली.

"द्या छापायला," म्हणाली. "पण एक अट आहे, बाबा. शेवटी तिची भीती जाते असं करायचं नाही."

"का गं?" मी विचारलं.

"सगळ्या पुस्तकांत जाते. जादू होते, कुणीतरी मिठी मारतं, आणि गेली भीती. मग मी पुस्तक मिटते आणि माझी असतेच. म्हणजे माझ्यातच काहीतरी कमी."

यांनी हातातली फ्रेम खाली ठेवली. तरीही बोलले, म्हणून मला आठवतंय. "नाही जाणार," म्हणाले. "शब्द दिला."

मुलांची पुस्तकं काढणारे एक प्रकाशक होते, बऱ्यापैकी नावाजलेले. फोन अर्थात मी केला. घरात फोन करणारी मी एकटीच. पलीकडून भरड्या आवाजात विचारलं, "लिहिलंय कुणी?" मी म्हटलं, "आमच्या ह्यांनी." "मग ह्यांना पाठवा. आमच्याकडे हस्तलिखित नंतर. लेखकाने आधी समोर बसून तोंडी सांगायचं. मी 'मग?' म्हटलं तर पुढे जायचं, नाही म्हटलं तर पाणी पिऊन घरी जायचं. जी गोष्ट सांगवत नाही ती वाचवतही नाही, बाई."

झालं! मी फोन ठेवला आणि कपाळावर हात मारला. ज्या माणसाला बसमध्ये "जरा सरकता का" म्हणवत नाही, त्याने अनोळखी माणसासमोर राक्षस उभा करायचा. आरशासमोर उभं करून तालीम घेतली. शब्द फुटेना. हातात चष्मा दिला, धबधबा. काढून घेतला, ठणठणीत कोरडं. मी म्हटलं, "न्या बरोबर एखादा." तर म्हणाले, "दुसऱ्याचा चष्मा हातात धरून जाऊ? वेडा म्हणतील मला." स्वतःचा नेता आला असता, पण यांना चष्माच नव्हता. चष्मेवाल्याची नजर लख्ख!

निघताना खार दारापर्यंत आली, हात छातीशी. "बाबा, अट," एवढंच म्हणाली.

"लक्षात आहे," हे म्हणाले.

प्रकाशकांचं कार्यालय एका जुन्या इमारतीच्या अगदी वरच्या मजल्यावर. जिन्यात दोन्ही बाजूंना पुस्तकांचे गठ्ठे, मधून एक माणूस जेमतेम जाईल एवढी वाट, सगळीकडे नव्या कागदाचा आणि खळीचा वास. हे प्रत्येक वळणावर थांबायचे. मी मागून, परत फिरू नयेत म्हणून. वर पोहोचलो तर टेबलामागे हा धिप्पाड माणूस. भुवया एवढ्या की त्यात कंगवा अडकावा. आणि नाकाच्या शेंड्यावर चष्मा, ज्याच्या उजव्या काडीला काळा दोरा गुंडाळलेला.

यांची नजर त्या दोऱ्यावर गेली ती तिथेच अडकली. चष्म्याला दोरा बांधणं म्हणजे यांच्या लेखी पाप.

"हं, सांगा," प्रकाशक म्हणाले.

शांतता.

"किशोरांसाठी आहे ना? अद्भुत वगैरे?"

"हो."

पंख्याचा आवाज. प्रकाशकांनी चष्मा वर ढकलला, चष्मा परत खाली आला. मी पायाने यांचा पाय दाबला. यांनी पाय काढून घेतला. बोलणाऱ्याचे कुळीथ खपतात नि न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात, असं म्हणतात ना, ते गहू माझ्या शेजारी बसून घाम पुसत होते. प्रकाशकांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. म्हणजे आता पाणी पिऊन घरी.

मग मला राहवेना. "अहो साहेब," मी म्हटलं, "तुमचा चष्मा द्या बघू यांच्याकडे."

"काय?"

"चष्मा. तो दोरा बघून यांचा जीव जातोय. द्या हो, खाणार नाहीत."

काय वाटलं कुणास ठाऊक, प्रकाशकांनी चष्मा काढून दिला. खिशातून स्क्रूड्रायव्हर निघाला. यांनी हळूच दोरा सोडला, काडी उघडली, आत फुंकर मारली आणि मान खाली घालून म्हणाले, "एक गाव होतं. डोंगराच्या पायथ्याशी."

काय सांगू तुम्हाला! मी ती गोष्ट शंभरदा ऐकलेली, पण त्या दिवशी माझ्याच अंगावर काटा आला. अंधारातलं गाव आलं, तलवारवाल्यांची फजिती आली, काचवाल्याची पोर आली. "मग?" प्रकाशक म्हणाले. पोर पहिल्या दारापाशी पोहोचली, वाजवायला हात उचलला आणि हात हवेतच राहिला. "मग?" दारं सरत गेली, पोर माथ्यावर पोहोचली, समोर तो डोंगराएवढा राक्षस आणि तिच्या हातात थाळीएवढी काच, आणि पोटात असं दुखतंय की उभं राहवेना.

"मग तिची भीती जाते," प्रकाशक टेबलावर हात आपटून म्हणाले. "आलं लक्षात. झकास!"

यांचा स्क्रूड्रायव्हर थांबला. "नाही. जात नाही."

"जायला हवी हो. किंवा असं करा, ती भीतीच तिची शक्ती होते. प्रकाश बिकाश पडतो तिच्या हातातून. मुलांना आवडतं असलं."

"शक्ती बिक्ती काही नाही तिच्यात. पोटात दुखतं तिच्या. दुखतच राहतं."

"अहो, मग पुस्तक वाचून मुलांना धीर कसा येणार? तेवढं बदला, मी छापतो. आज शब्द देतो."

आयुष्यात कुणाला नाही न म्हटलेला माणूस. गिऱ्हाईक वाकडं बोललं तरी "बरं" म्हणणारा. माझ्या बहिणीलाही "बरं" म्हणणारा. यांनी काडीवरचा शेवटचा स्क्रू पिळला, काचा फडक्याने पुसल्या आणि म्हणाले, "शब्द आधीच एकीला दिलाय." उठले, हात जोडले आणि चालू लागले. मी बरोबर आणलेलं हस्तलिखित उचललं आणि मागून धावले.

रस्त्यावर येईपर्यंत एक अक्षर बोलले नाहीत. मी मात्र बोलले. "बरं केलंत! त्याच्या हातातून पडू दे प्रकाश!" असं म्हणत होते आणि डोळे पुसत होते. अभिमानही वाटत होता, आणि आता घरी जाऊन पोरीला काय सांगायचं म्हणून जीवही तुटत होता. बसथांब्यावर आलो. यांनी सुट्टे पैसे काढायला वरच्या खिशात हात घातला.

चेहरा असा पडला की मला वाटलं चक्कर येतेय.

खिशातून प्रकाशकांचा चष्मा निघाला. काचा छातीकडे.

"कर्म माझं!" मी म्हटलं. मग एकदम हसायलाच आलं. "अहो, आपला राक्षस वर आंधळा बसलाय."

हे हसले नाहीत. हात पोटावर गेला होता. नाही म्हणून तोंडावर उठून आलेला माणूस, आता चोरासारखा त्याचाच चष्मा घेऊन परत जाणार. मला कळत होतं काय चाललंय ते. तेवढं शिकले होते मी एव्हाना.

"द्या इकडे," मी म्हटलं. "तुम्ही थांबा इथे. मी देऊन येते."

यांनी चष्मा माझ्यापुढे धरला. मग परत ओढून घेतला. "नको," म्हणाले. "मी आणलाय. मीच देतो."

तोच जिना, तेच गठ्ठे, प्रत्येक वळणावर थांबणं. मी मागून चालत होते, पण या वेळी अडवायला नाही. दार बंद होतं. यांनी वाजवायला हात उचलला. हात हवेत राहिला. मी तोंड घट्ट मिटून घेतलं. हे माझ्यासाठी किती अवघड असतं, ते मला ओळखणाऱ्यांना विचारा. मग टकटक झालं.

"कोण आहे?" आतून आवाज आला. दार उघडलं तर प्रकाशक टेबलावरचे कागद चाचपत होते. आमच्याकडे बघून डोळे बारीक केले, पण त्यांना दोन ठिपक्यांपलीकडे काही दिसत नसणार.

"मी. चष्मेवाला. तुमचा चष्मा... चुकून..." आवाज कापत होता.

मला वाटलं, आता ओरडणार. पण ते खुर्चीत मागे टेकले. "तुम्ही गेल्यापासून नुसता बसलोय," म्हणाले. "वाचता येईना, लिहिता येईना. ती पोर काच घेऊन उभीच आहे डोळ्यासमोर. राक्षसाच्या समोर. मग?"

यांच्या हातात चष्मा होता. बोलले. पोर राक्षसाला म्हणते, काका, जरा खाली वाका. आवाज कापतो. राक्षस हसतो. हो, हसतोच! पोरीला मरून जावंसं वाटतं. पण काच हातात असते, म्हणून ती धरते डोळ्यासमोर आणि विचारते, हे स्पष्ट, की हे? राक्षस हसायचा थांबतो. त्याला खाली, पायथ्याशी, एक गाव दिसतं. पोर खाली उतरते, गावात ऊन आलेलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या पोटात पुन्हा दुखतं.

"म्हणजे नाहीच जात भीती," प्रकाशक म्हणाले.

"नाही."

"मग ती वर जाते कशी?"

यांनी हातातल्या चष्म्याची काडी एकदा मिटून उघडली. "आत्ता मी आलो ना," म्हणाले, "तशी."

पुढे होऊन यांनी आपल्या हाताने चष्मा त्यांच्या नाकावर ठेवला, दोन्ही काड्या कानांमागे नीट बसवल्या, आणि सवयीने विचारलं, "आता स्पष्ट?"

प्रकाशकांनी यांच्याकडे बघितलं. यांच्या थरथरणाऱ्या बोटांकडे बघितलं, घामाने भिजलेल्या कॉलरकडे बघितलं. मग माझ्याकडे हात पुढे केला. "हस्तलिखित ठेवून जा, बाई. आणि शेवटाला कुणी हात लावायचा नाही. मीसुद्धा."

घरी येताना बसमध्ये आम्ही दोघं एकमेकांकडे बघून खुळ्यासारखे हसत होतो. आमचा थांबा आला. मी उतरले आणि पाय तिथेच थबकले.

थांब्याच्या खांबाला टेकून खार उभी होती. माणसांच्या गर्दीत, एकटी. दोन्ही हात छातीशी, ओठ पांढरे, कपाळ ओलं. कितीतरी महिन्यांनी तिच्या अंगावर ऊन पडलेलं बघत होते मी. काय बोलावं सुचेना. मला सुचेना, म्हणजे बघा!

"ठेवलीत ना तिची भीती?" तिने विचारलं.

"ठेवली," हे म्हणाले. "तू इथे कशी?"

"घरी बसून राहवेना."

"दुखतंय पोटात?"

"खूप."

"चल," हे म्हणाले, आणि आम्ही तिघं हळूहळू घरी गेलो.

पुस्तक निघालं. फार गाजलं बिजलं नाही, पण अजूनही कधीतरी एखादं घुमं पोर आईच्या मागे लपत दुकानात येतं, आणि आई सांगते, याला ते पुस्तक लिहिणारे काका बघायचे होते. काका आता नाहीत. गेले त्याला बरीच वर्षं झाली. त्यांचा शर्ट मी ठेवलाय, वरचा खिसा चष्म्यांनी ताणून ताणून लोंबलेला. अजूनही कपडे भिजवताना माझा हात आधी खिशाकडे जातो आणि रिकामाच परत येतो. फार आठवण येते हो. इतकी की कधी वाटतं, मुद्दाम काहीतरी मोडावं आणि म्हणावं, घ्या, दुरुस्त करा.

दुकान खार चालवते. सकाळी मी डबा घेऊन तिच्याबरोबर जाते. ती शटरसमोर उभी राहते, किल्ली हातात, दुसरा हात पोटावर.

"दुखतंय?" मी विचारते.

"दुखतंय," ती म्हणते, आणि वाकून शटर वर करते.